दिवाळीतले पाहुणे: पन्हाळा की नृसिंहवाडी-खिद्रापूर?

भाऊबीज झाली की आत्याचं कुटुंब दोन दिवस कोल्हापुरात राहतं आणि दरवर्षी प्रश्न एकच, यांना न्यायचं कुठे?

पन्हाळा वीसेक किलोमीटरवर. सकाळी फराळ करून निघालं तरी दुपारपर्यंत तीन दरवाजा, अंधारबाव आणि सज्जाकोठी आरामात होते. मुलांना अंबरखान्याची थंडगार, प्रचंड धान्यकोठारं सगळ्यात आवडतात. १६६० च्या वेढ्यातून महाराज विशाळगडाकडे कसे निसटले, ती गोष्ट तिथे उभं राहून सांगितली की सगळी एकदम गप्प होतात. पावसानंतरचं गवत अजून हिरवं असतं. झुणका-भाकरी मिळतेच. मात्र सुट्टीत गाड्यांची रांग लागते, आणि आजीचे गुडघे चढ-उतारांना कुरकुरतात.

नृसिंहवाडीला, म्हणजे वाडीला, आजी खूश. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुकांचं दर्शन, येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी. पण खरं सांगायचं तर माझा जीव पुढच्या खिद्रापुरात अडकतो. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. त्या गोल उघड्या जागेखाली भली मोठी गोल शिळा आहे. गेल्या वर्षी भाची तिच्यावर उभी राहून वर निळं आभाळ बघत होती. भोवती ४८ खांब, बाहेर दगडी हत्तींची रांग. अंतर जास्त, पूर्ण दिवस जातो.

मुलंच जास्त असतील आणि वेळ अर्धाच दिवस असेल तर पन्हाळा. आजी सोबत असेल तर मी डोळे झाकून वाडी-खिद्रापूर म्हणेन, आणि यंदा ती येणार आहे.