कोम्न्झो भाषेचं व्याकरण: किंमत शून्य, डोक्याला खाद्य भरपूर

संस्कृत शिकवून निवृत्त झालं तरी व्याकरणाची खाज काही जात नाही. ती भागवायला हे पुस्तक उतरवून घेतलं. ज्यांना तसलीच खाज आहे त्यांच्यासाठी हा अभिप्राय. बाकीच्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल.

पुस्तक आहे कोम्न्झो भाषेचं. पापुआ न्यू गिनीच्या दक्षिण भागात, मोरहेडच्या परिसरात, रोउकू नावाचं गाव आहे. तिथली सुमारे 250 माणसं ही भाषा बोलतात. आमच्या सोसायटीच्या दोन इमारतींत याहून जास्त लोक राहत असतील. लेखक ख्रिस्टियान ड्योलर, प्रकाशक बर्लिनची लँग्वेज सायन्स प्रेस, साल 2018. याम भाषाकुळातल्या कुठल्याही भाषेचं हे पहिलं सविस्तर व्याकरण. 16 महिन्यांचं क्षेत्रकाम आणि 2010 ते 2015 या काळात ध्वनिमुद्रित करून लिहून काढलेलं सुमारे 12 तासांचं बोलणं, एवढ्या भांडवलावर ते उभं आहे. पीडीएफ पूर्ण फुकट, नाव-पत्ताही विचारत नाहीत.

मला पडद्यावर वाचवत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट प्रिंट काढून स्पायरल मारून घेतलं. त्याने मागची पानं उलटी छापली. आता दर पानाला पुस्तक गरागरा फिरवावं लागतं. त्यासाठी पुस्तकाचे तारे कापत नाही.

उच्चारांचं प्रकरण मी झरझर वाचणार होतो, पण अडकलो. लिपी रोमन वापरली आहे आणि काही शब्दांत व्यंजनांची नुसती रांग. 'घर' या अर्थाच्या शब्दात म, न आणि झ अशी तीनच अक्षरं, स्वराचा पत्ता नाही. बोलताना मधे एक अगदी आखूड 'अ' येतो. तो कुठे येणार हे नियमानेच ठरतं, मग लिहायचा कशाला, असा हिशेब. रोमनच्या सवयीचा माणूस इथे ठेचकाळतो. आपण 'कमळ' वाचताना तरी लिहिलेला 'अ' कुठे शोधतो? ब, ड, ग यांच्या आधी नाकातला ध्वनी ठरलेला: 'माणूस' हा शब्द लिहायचा 'कबे' आणि म्हणायचा 'कम्बे'. साधा 'प' मात्र या भाषेत नाहीच.

खरी मेजवानी क्रियापदांची. पुस्तकातली सगळ्यात मोठी दोन प्रकरणं त्यांनाच दिली आहेत आणि ते योग्यच आहे. काळ आणि अर्थ (आज्ञार्थ वगैरे) मिळून 18 प्रकार, शिवाय कोण, कोणाला, इकडे की तिकडे, सगळं एकाच क्रियापदात कोंबलेलं. पण गंमत संख्येत नाही, मांडणीत आहे. वचनच घ्या. या भाषेत एकवचन, द्विवचन, अनेकवचन तिन्ही आहेत. संस्कृतात 'गच्छतः' म्हटलं की त्या एका 'तः'मध्ये द्विवचन येऊन बसतं. कोम्न्झोत तसा एक प्रत्यय दाखवताच येत नाही. पुरुष दाखवणारा प्रत्यय फक्त 'एक की एकाहून जास्त' एवढं सांगतो. धातूजवळचा दुसरा तुकडा फक्त 'दोन की दोन नाहीत' एवढं सांगतो. एकाहून जास्त आणि दोन, म्हणजे द्विवचन. एकाहून जास्त पण दोन नाहीत, म्हणजे अनेकवचन. दोन साक्षीदारांची अर्धी-अर्धी साक्ष जुळवल्याशिवाय निकाल लागत नाही. काळाचंही तसंच. रूपावली घोकून मोठा झालेला माणूस मी, पण हे वाचताना खुर्चीत सरसावून बसलो.

लिंगं दोन, पण नामाकडे बघून काही कळत नाही. क्रियापद बघायचं, तिथे समजतं. कर्त्याला प्रत्यय लागतो तो आपल्या 'रामाने आंबा खाल्ला'मधल्या 'ने'सारखा. फरक इतकाच की आपण 'राम आंबा खातो' म्हणताना तो काढून घेतो, हे लोक काढत नाहीत.

आकडे सहापटीने वाढत जातात: 6, 36, 216, 1296, 7776 आणि थेट 46656, प्रत्येकाला स्वतंत्र नाव. 36 म्हणजे 'फ्ता', 216 म्हणजे 'तारुबा'. एवढे मोठे आकडे लागतात कशाला? सुरणाच्या जातीतले नव्हेत, आपल्या कोनफळाच्या जातीतले याम नावाचे कंद मोजायला. दोघे जण प्रत्येकी तीन कंद उचलतात, नेऊन ठेवतात आणि मोठ्याने आकडा पुकारतात. दर खेपेला सहा. हा भाग व्याकरणाचा गंध नसलेल्यानेही वाचावा.

तक्रार एकच. प्रत्येक उदाहरणाखाली शब्दांची फोड करून दाखवणारी ओळ असते, तिच्यात व्याकरणाच्या संज्ञांच्या संक्षेपांची इतकी गर्दी आहे की सुरुवातीला वाक्य कमी आणि रेल्वेचं वेळापत्रक जास्त वाटतं. प्रत्येक उदाहरणापाशी ते कोणत्या ध्वनिमुद्रणातलं आहे त्याचा संकेत दिला आहे, हे मात्र मला फार आवडलं. लेखकाने वाक्य मनाने रचलेलं नाही, कोणीतरी ते खरोखर बोललं होतं, याची ती पावती.

पाचपैकी साडेचार. चारशेच्या वर पानं आहेत, सगळी छापू नका. क्रियापदांची दोन प्रकरणं आणि संक्षेपांची यादी एवढंच छापा, यादी सुटी ठेवा. आणि दुकानातून निघण्याआधी मागची बाजू उलटून बघा.