घरामागची शेड, ‘हेवी मटेरियल’ आणि बनावट ना हरकत दाखला

ठेकेदार आगाऊ रक्कम घेऊन पळाला तर फसवणूक लगेच कळते. आमच्याकडे आलेला पळाला नाही. त्याने शेड उभी केली, रंग मारला, नारळ फोडला, पेढेही खाल्ले. फसवणूक त्याच्या कोटेशनच्या दोन ओळींत होती. एक चौरस फुटाच्या भावाची, दुसरी ‘सर्व परवानगीसह’ अशी. घरामागे छोटं वर्कशॉप काढायचं मनात असेल, तर या दोन ओळी कशा वाचायच्या ते सांगतो.

मी लाकडी फर्निचर बनवतो. रायगड जिल्ह्यात आमचं चिऱ्याचं घर, मागे बऱ्यापैकी परसदार. जागा गावठाणाच्या लगत, पण हद्दीबाहेर, आणि सनद निवासी अकृषिकची, म्हणजे जमीन शेतीऐवजी राहण्यासाठी वापरायच्या परवानगीची. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. कटर मशीन, रंधा मशीन आणि लाकडाची थप्पी बसेल अशी 30 बाय 20 फुटांची शेड हवी होती. हा ठेकेदार चुलतभावाच्या ओळखीने आला. 2025 चा एप्रिल चालू होता, म्हणजे आगोटीची घाई. त्याने टेप लावली, मोबाइलवर चार-पाच शेडचे फोटो दाखवले आणि म्हणाला, “दादा, पावसाआधी छप्पर पाहिजे ना? मग आजच बुकिंग करा. सोमवारी पत्र्याचा भाव वाढतोय.” असा सोमवार या धंद्यात प्रत्येक आठवड्याला असतो.

भाव 430 रुपये चौरस फूट. 600 फुटांचे 2,58,000. वर परवानगीचे 35,000, ‘तुम्हाला कुठे हेलपाटे नकोत’ म्हणून. सत्तर टक्के आगाऊ. पक्कं बिल मागितलं तर अठरा टक्के जीएसटी वेगळा, नाहीतर ‘आपलं घरचंच काम’. कोटेशनवर लिहिलेलं होतं : ‘कॉलम 4 बाय 4 हेवी पाइप 4 एमएम, पत्रा 0.50 कलर कोटेड, फाउंडेशन 4 फूट जे-बोल्टसह.’ वाचायला छान. वजनाचा आकडा मात्र कुठेच नव्हता.

लोखंडाच्या कामात सगळी चोरी जाडीत होते आणि जाडी डोळ्याला दिसत नाही. पाइप खालून बेस प्लेटला वेल्ड झाला आणि वरून टोपी बसली की तो चारचा आहे की अडीचचा हे बघायला फटच राहत नाही. त्यावर रेड ऑक्साइडचा हात आणि वर निळा ऑइल पेंट. आमच्याकडे पोकळ खांब तयार होऊनच टेम्पोतून उतरले, दोन्ही तोंडं बंद. ‘साइटवर वेल्डिंगचा त्रास नको म्हणून शॉपमध्येच करून आणलं’ हे त्याचं म्हणणं तेव्हा सोयीचंच वाटलं होतं.

उलगडा इलेक्ट्रिशियनमुळे झाला. वायरिंगची केबल खांबातून काढायची म्हणून त्याने होल-सॉ, म्हणजे गोल भोक पाडायची करवत, लावला. दोन-चार फेऱ्यांतच आरपार. गोल कापलेली चकती टण्णकन खाली पडली. त्याने ती फडक्यात धरून उचलली, उलटसुलट केली आणि म्हणाला, “हा चारचा पाइप नाही हो.” माझ्याकडे जाडी मोजायचा व्हर्नियर असतोच. चकती जबड्यात धरली, रंगासकट 2.4 भरली.

100 बाय 100 चा 4 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला पावणेबारा किलोच्या आसपास भरतो. अडीचचा पाइप जेमतेम साडेसात-पावणेआठ किलो. आठ खांबांत मिळून सव्वाशे किलोच्या आसपास लोखंड गायब. छपराची कैची (त्रिकोणी सांगाडा) आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे पाइप) पुढे तपासले, तिथेही हाच प्रकार. पोलादाचा हिशेब पाठ करायला सोपा आहे : एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड, 7.85 किलो. एवढ्यावर कुठल्याही पाइपचं नाहीतर पत्र्याचं वजन कागदावर काढता येतं.

मग पत्रा. 0.50 मिलिमीटरचा म्हणून घेतलेला, बारा फुटी. एक पत्रा उरला होता, तो गावातल्या भंगारवाल्याच्या काट्यावर टाकला. खऱ्या 0.50 चा बारा फुटी पत्रा सतरा किलोच्या आसपास जायला हवा. काटा बाराच्याही खालीच थांबला. हा 0.35 चा माल. भंगारवाला हसून म्हणाला, “भाऊ, हा पत्रा माझ्याकडे तुमच्या अंदाजापेक्षा लवकर येणार.” आणखी एक खाचखळगा म्हणजे पत्र्याच्या जाडीत जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर धरलाय की नुसतं मूळ लोखंड, हे लेखी विचारावं. दोन्हींत साधारण 0.04 चा फरक पडतो आणि विक्रेता नेहमी मोठा आकडा बोलतो.

सव्वाशे किलो कमी लोखंडाने काय बिघडतं, असं एका नातेवाइकांनी विचारलं. शेड स्वतःच्या वजनाने सहसा पडत नाही, ती वाऱ्याने उचलली जाते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा आमच्या पट्ट्यात छपरं दबली कमी आणि उडाली जास्त. इमारतींवरच्या भाराचं जे भारतीय मानक 875, त्याच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला 44 मीटर, पुण्यासाठी 39 धरलाय. वेगाचा वर्ग गुणिले 0.6 केलं की दाब न्यूटनमध्ये येतो. 44 ला तो चौरस मीटरला सुमारे 1,160, म्हणजे 118 किलोचा जोर. 600 फुटांच्या छपरावर साडेसहा टन. छपराचा उतार, उघड्या बाजू यांप्रमाणे इंजिनिअर हा आकडा कमीजास्त करतो, पण अंदाज यायला पुरे. आमची अख्खी शेड दोन टनही भरत नाही. म्हणजे तिला जमिनीत धरून ठेवणारा पाया हाच खरा खर्च, आणि नेमका तोच मातीखाली जातो.

2025 ला पाऊस लवकर आला. 26 मे ला तो मुंबईत पोचलेला होता. आमच्या शेडच्या कडेने टाकलेला मुरूम पहिल्याच सरींत वाहून गेला आणि दोन खांबांचे पाय उघडे पडले. चार फूट म्हणवलेलं काँक्रीट फूटभरही नव्हतं. काँक्रीट ओततानाच आत पुरायच्या वाकड्या जे-बोल्टच्या जागी वरून ड्रिल मारून ठोकलेले फास्टनर. खड्डे खणले त्या दिवशी मी ऑर्डर पोचवायला पनवेलला होतो. हा दिवस त्याने स्वतः निवडला होता, आदल्या दिवशी ‘तुम्ही उद्या घरी आहात का’ असं विचारून. पाया भरायच्या दिवशी घरातलं कोणीतरी तिथे उभं हवं आणि खड्ड्यात टेप धरून फोटो काढलेला हवा. कोणी ‘विश्वास नाही का’ म्हटलं तर म्हणू द्यावं.

आता दुसरी ओळ, परवानगीची. ही जास्त महागात जाते, कारण हलक्या पाइपला नंतर आधार देता येतो.

त्याने सुरुवातीलाच सांगितलं होतं, “ग्रामीण भागात 3200 फुटांपर्यंत काही लागत नाही, मी नुसता ग्रामपंचायतीचा दाखला आणून देतो.” हे वाक्य तुम्हालाही ऐकवलं जाईल. 2021 च्या सुरुवातीला गावठाणातल्या छोट्या बांधकामांसाठी जी सवलत जाहीर झाली, तिचा हा सोयीस्कर अर्थ. ती गावठाणाच्या हद्दीतल्यांसाठी, आणि तिथेही आराखडा, मालकीचे कागद, परवानाधारक इंजिनिअरची सही यांतून सुटका नाही. हद्दीबाहेरच्या जागेला परवानगी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे प्राधिकरण किंवा नगरपालिका नसेल तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेची. तिथे ग्रामपंचायतीचं ना हरकत हे फार तर सोबत जोडायचं कागदपत्र. शिवाय डिसेंबर 2020 पासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत निवासी भागात छोटे सेवा उद्योग चालतात, पण कुठला उद्योग, किती क्षेत्र, किती अश्वशक्ती, किती माणसं याचं कोष्टक आहे. सुतारकाम करायचं तर आधी ते त्या कोष्टकात बसतं का ते बघायचं आणि मग शेडची लांबी-रुंदी ठरवायची. आमच्याकडे टेप आधी लागली.

दाखला आला तो देखणा होता. लेटरहेड, गोल शिक्का, ग्रामसेवकाची सही, जावक क्रमांक, सगळं जिथल्या तिथे. तो मी मशीनच्या कर्जासाठी बँकेत दिला. तिथल्या अधिकारी बाईंनी एकच प्रश्न विचारला, “याच्यासोबतचा मंजूर नकाशा?” बांधकाम परवानगीचा कागद कधी एकटा नसतो, त्याच्याबरोबर शिक्का मारलेला नकाशा असतो. नकाशा नाही म्हटल्यावर त्यांनी फाइल बाजूला ठेवली.

मी ग्रामपंचायतीत गेलो. लिपिकाने जावक नोंदवही काढली, बोट फिरवत त्या क्रमांकावर आला आणि थांबला. त्या क्रमांकाला पाणीपट्टीच्या थकबाकीची नोटीस गेलेली होती, तीही आमच्याच वाडीतल्या एकाला. तारीख जुळत होती. म्हणजे खरा एखादा कागद समोर ठेवून त्यावरून हा तयार केला असणार. पस्तीस हजारांत तपासायला पाच मिनिटं लागतील असा कागद मिळाला होता.

वकिलांनी यात दाखवलेली भीती मला सुचलीही नव्हती. बनावट दाखला ठेकेदाराने केला असेल, पण बँकेत खरा म्हणून सादर झाला तो माझ्या सहीने. भारतीय न्याय संहितेचं कलम 336 बनावटीकरणाचं आणि 340 बनावट कागद खरा म्हणून वापरण्याचं. दुसऱ्यात तो बनावट असल्याचं माहीत असणं हा मुद्दा असतो. म्हणून कळलं त्याच दिवशी बँकेला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवलं, दोन्हीकडची पोच घेतली. पोच नसती तर ‘मला माहीत नव्हतं’ हे नुसतं बोलणं राहिलं असतं.

पोलिसांत पहिलं उत्तर अपेक्षित मिळालं, ‘हा दिवाणी मामला आहे’. हलक्या पाइपपुरतं ते उत्तर गळ्यात पडू शकतं. बनावट शिक्क्याला ते लागू पडत नाही. ग्रामपंचायतीने ‘असा दाखला आम्ही दिलेला नाही’ असं पत्र दिलं आणि ते जोडल्यावर 318 (फसवणूक), 336, 340 ही कलमं लावून तक्रार घेतली गेली. ठेकेदाराचा फोन तोपर्यंत ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ गेलेला.

पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. 50 लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार तिथे होते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. समोरचा वकील ‘शेड व्यापारी कारणासाठी घेतली, हा ग्राहकच नव्हे’ असं म्हणतो. स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या सेवेला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘व्यापारी कारणा’तून वगळलंय, ते तक्रारीतच स्पष्ट लिहावं लागतं. पक्कं बिल नव्हतं, पण रक्कम सगळी बँकेतून गेली होती आणि कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. ते संभाषण पुसू नये आणि तो हँडसेट विकू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ उपकरण विचारतात.

विजेचंही थोडक्यात. ‘मीटर कशाला वेगळं, घरातूनच वायर ओढा’ हा त्याचाच सल्ला. घरगुती जोडणीवर धंदा चालवला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. मी थ्री-फेजचा अर्ज केला. खर्चात केबल, अर्थिंग आणि पॅनल धरून ठेवा, ते शेडच्या कुठल्याच कोटेशनमध्ये नसतं. तसाच नसतो कोबा, गटर, वरच्या कडेची फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पट्टी), शटर, मुरुमाची भरणी आणि हमाली. आमच्या 430 च्या भावात यातलं काहीही नव्हतं आणि ‘पूर्ण शेड’ हा शब्द मात्र होता.

सध्या शेड उभी आहे, पण मशीन आत नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने खांबांना तिरके आधार आणि नवे पाये सुचवलेत, तो खर्च दीड लाखाच्या पुढे जातोय. नियमितीकरणाचा, म्हणजे झालेल्या बांधकामाला मागाहून परवानगी मिळवायचा, प्रस्ताव वास्तुविशारदाकडून दाखल केलाय. तो फेटाळला तर नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 53 ची, विनापरवाना बांधकाम काढायची, नोटीस येऊ शकते, आणि ती जागामालकाच्या नावाने येते, ठेकेदाराच्या नाही.

नव्या पायाच्या कामाला मी दुसऱ्या फॅब्रिकेटरकडून कोटेशन घेतलं ते किलोवर. लोखंड किती किलो, कुठल्या मापाचं, काट्याची पावती कोण देणार, आणि कमी भरलं तर किलोला किती कापायचे, एवढं त्याने एका पानात हाताने लिहून दिलं. पैसे चार टप्प्यांत, पहिला टप्पा खड्ड्याचा फोटो बघून.

जुना ठेकेदार शेजारच्या तालुक्यात वेगळ्या नावाने काम घेतोय. गेल्या महिन्यात मेव्हण्याच्या मित्राला एक कोटेशन आलं, त्यात ‘हेवी पाइप’, ‘सर्व परवानगीसह’ आणि 3200 फुटांचं वाक्य जसंच्या तसं. त्याने मला ते पाठवलं. मी त्याला खांबाचं मीटरला वजन आणि मंजूर नकाशाची प्रत कोण देणार, हे लेखी विचारायला सांगितलं. त्याने विचारलंय. अजून उत्तर आलेलं नाही.