मागच्या एक्सलचं बेअरिंग-सील किट, अकरा महिन्यांनंतर

हे किट मागवण्याआधी मी त्याखालचे सगळे अभिप्राय वाचले होते. निम्मे 'माल चांगला, वेळेत मिळाला' एवढ्यावर संपलेले. बेअरिंग डब्यातून काढायचं, बोटावर फिरवून बघायचं आणि पाच तारे द्यायचे, असला प्रकार. म्हणून मुद्दाम थांबलो. गाडी साधारण ९,००० किलोमीटर चालली, त्यात भार ओढून झाला, पावसाळाही गेला, मग लिहायला बसलोय.

गाडी म्हणजे जुना पिकअप ट्रक, वयाने माझ्या मुलीपेक्षा मोठा. मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग. चाक सरळ शाफ्टच्या फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या चकतीवर बसतं, मागचं वजनही शाफ्टच पेलतो आणि आतलं टोक डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या मधल्या गिअरसंचात, इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या सी-क्लिपने अडकवलेलं असतं. तुमच्या ट्रकच्या मागच्या चाकातून मधोमध बोल्टांचं कडं असलेला हब बाहेर डोकावत असेल तर तो फुल-फ्लोटिंग एक्सल. त्यात दोन टेपर बेअरिंगं असतात आणि सगळं कामच निराळं. काही एक्सलला बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवून वर कॉलर ठोकलेली असते, त्याला प्रेस लागते. त्या दोन्हींना हे किट चालणार नाही. हे न बघता मागवून दोघांनी एकेक तारा देऊन ठेवलाय. त्यात किटचं काय चुकलं?

माझ्याकडे तक्रार दोन प्रकारची होती. ताशी ४० च्या पुढे मागून घरघर यायची, वेगाबरोबर चढायची. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी सूर तोच. पिनियन, म्हणजे डिफरन्शियलला फिरवणारा छोटा गिअर, बोलत असेल तर पाय दाबताना आणि सोडताना आवाज बहुधा बदलतो, म्हणून संशय चाकाकडे गेला. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, तेव्हा घरघर जास्त. दुसरी तक्रार डाव्या टायरच्या आतल्या अंगाला ओघळ. आधी ब्रेकचं ऑइल वाटलं, पण ते पातळ असतं आणि पाण्याने धुतलं जातं. हे बोटाला चिकटलं ते चिकटलंच, आणि वास असा की जेवायच्या वेळेला घरात घेतलं नाही मला. गिअर ऑइलमधल्या गंधकाचा तो वास एकदा ओळखला की विसरता येत नाही.

किटमध्ये दोन रोलर बेअरिंगं, दोन ऑइल सीलं, कव्हरचं गॅस्केट आणि डिफरन्शियलच्या पिनचा नवा लॉक बोल्ट होता. बेअरिंगं तेलकट कागदात नीट गुंडाळलेली. एका सीलच्या पत्र्याची कड मात्र डब्यातच दबलेली निघाली. हातोडीने सरळ करून बसवायचा मोह झाला होता, पण तसं सील गळणारच. विकणाऱ्याला फोटो पाठवला, बदलून मिळालं, पण त्यात एक आठवडा गेला आणि गाडी तेवढे दिवस स्टँडवर चाकं काढून उभी.

त्या लॉक बोल्टबद्दल किट बनवणाऱ्याचं कौतुक करायला हवं. हे काम अडतं ते तिथेच. कव्हर उघडून ऑइल काढलं की समोर पिन दिसते आणि ती पिन एका बारक्या बोल्टने धरलेली असते. जुन्या गाडीत तो बोल्ट सोडवताना तुटायची भीती असते. तो आत तुटला तर दिवस गेला. सहा कोनी सॉकेट वापरा, बारा कोनी नको, आणि झटका न देता हळूहळू जोर वाढवा. माझा 'टक्' करून सुटला तेव्हा क्षणभर तुटलाच असं वाटून मी डोळे मिटले होते. पिन बाहेर काढली, शाफ्ट बाहेरून आत ढकलला, की सी-क्लिप खाली पडते आणि शाफ्ट ओढून घेता येतो. पिन बाहेर असताना चाक किंवा शाफ्ट फिरवू नका. डिफरन्शियलच्या आतले छोटे स्पायडर गिअर जागचे हलतात आणि मग ते पुन्हा जुळवत बसावं लागतं. मुलीला मी उजेडासाठी हातातली बॅटरी धरायला बसवलं होतं. तिने सहज कुतूहलाने दुसऱ्या बाजूचा शाफ्ट फिरवायला हात घातला आणि मी असा ओरडलो की बिचारीने बॅटरीच टाकली.

किटबरोबर स्लाइड हॅमर, म्हणजे दांड्यावर सरकणारं वजन आपटून अडकलेला भाग बाहेर ओढायचं हत्यार, वेगळा मागवला होता, त्याबद्दलही लिहितो. दांडा जाड आहे, वजनही पुरेसं. पुढे लावायच्या आकड्यांचे तीन आकार मिळतात. मधला आकडा बेअरिंगच्या मागे गेला, पण पहिल्या चार-पाच ठोक्यांत निसटून थेट माझ्या अंगठ्यावर. आकड्याची धार गोल सोडलेली आहे, ती कानशीने जरा सपाट केली आणि मग पकड बसली. डावं बेअरिंग सात-आठ ठोक्यांत आलं. उजवं हाउसिंगला गंजाने असं धरून बसलं होतं की त्याला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला हवं होतं. सीलसाठी हे हत्यार लागतच नाही, पहार घालून निघतं. वर्षातून एकदा लागणाऱ्या हत्यारासाठी एवढा खर्च करायचा का, असं विचाराल तर भाड्याने मिळत असेल तर भाड्याने आणा.

आता मुद्द्याचं. या जातीच्या एक्सलमध्ये बेअरिंगला आतलं कडं नसतं. रोलर थेट शाफ्टवर धावतात, म्हणजे शाफ्टच बेअरिंगचा अर्धा भाग. किटमधलं बेअरिंग कितीही चांगलं असलं तरी ते धावणार तुमच्या जुन्या शाफ्टवर. शाफ्ट बाहेर काढल्यावर आधी चिंधीने स्वच्छ पुसा आणि रोलर धावतात त्या पट्ट्यावर आडवं नख ओढा. उजव्या शाफ्टवर पट्टा नुसता चकचकीत होता, नख कुठे अडलं नाही. डाव्यावर एका अंगाला नख खटकन अडलं. उजेडात धरून बघितलं तर पापुद्रे सुटलेले, तांदळाच्या कण्यांएवढे खड्डे. अशा पृष्ठभागावर नवं बेअरिंग बसवलं तर पुन्हा घरघर येणार हे नक्की, आणि सुटलेला धातू ऑइलमधून फिरून डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियन या मुख्य गिअरांपर्यंत जाणार. किटच्या कागदावर याबद्दल एक ओळही नाही. बेअरिंग कसं बसवायचं याचं चित्र आहे, पण शाफ्ट तपासा एवढं साधं वाक्य छापायला जागा नव्हती त्यांना.

डाव्या बाजूला मग दोन रस्ते उरले. नवा शाफ्ट, किंवा रिपेअर बेअरिंग. हे दुसरं म्हणजे बेअरिंग आणि सील एकाच अंगात. लांबी अशी ठेवलेली असते की रोलर जुना पट्टा सोडून थोडे बाहेर, चाकाच्या बाजूच्या चांगल्या भागावर धावतात, आणि सीलची ओठाची कडही नव्या जागी टेकते. नव्या शाफ्टपेक्षा कितीतरी स्वस्त. मी तेच घेतलं. खोट सांगायची तर भार पेलायची जागा मूळ जागेवरून सरकते आणि पुढेमागे नुसतं सील गळलं तरी अख्खं बेअरिंग बदलावं लागतं. रोज पूर्ण माल भरून चालणाऱ्या गाडीला मी नवा शाफ्टच टाकला असता.

उजव्या बाजूला किटमधलंच बेअरिंग बसवलं. बाहेरच्या कड्यावरच टेकेल असा ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा ठोकळा, घेतला आणि सरळ ठोकत गेलो. बसेपर्यंत आवाज बद्द येतो आणि तळाला टेकलं की एकदम खणखणीत. "बाबा, आवाज बदलला," मुलगी म्हणाली, माझ्या आधी तिच्याच कानाला ते कळलं. सील हाउसिंगच्या कडेशी सपाट येईल एवढंच आत, ओठावर गिअर ऑइलचं बोट. नवं बेअरिंग कोरडं फिरू नये म्हणून त्यालाही तेच. शाफ्ट परत घालताना दोन्ही हातांनी तोलून धरा. त्याचे खाचे सीलच्या ओठावरून घासत गेले तर नवं सील बसवल्याबसवल्याच फाटतं. मी शाफ्ट घालायला मुद्दाम शेजाऱ्याला बोलावलं आणि बॅटरी मुलीकडेच ठेवली.

सोबत केलेल्या दोन गोष्टी. एक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची बारीक नळी, काढून फुंकला तर मळीने पार बंद. एक्सल तापला की आतल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते, ती नसेल तर दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. माझं डावं सील त्यामुळेच आधी गेलं असावं, असा माझा अंदाज. दुसरं म्हणजे ब्रेकचे लायनर. डाव्या बाजूचे ऑइल पिऊन काळे पडले होते. धुऊन, तापवून ते परत चालतात असं सांगणारे भेटतील, ऐकू नका. दोन्ही चाकांचे नवे टाकले, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

किटमधलं कागदी गॅस्केट वापरलं नाही. पातळ वाटलं, आणि माझ्या कव्हरची कड गंजाने थोडी खाल्लेली, म्हणून सिलिकॉन लावलं. गिअर ऑइल जीएल-५ प्रतीचं, ८०डब्ल्यू-९० जाडीचं, भरणीच्या भोकातून सांडायला लागेपर्यंत. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) असेल तर त्याचं वेगळं मिश्रण टाकायला विसरू नका. लॉक बोल्टला थ्रेडलॉक, म्हणजे आटे सुटू न देणारा डिंक, लावला. तेवढी एक पुडी किटमध्ये असती तर बरं झालं असतं.

बेअरिंगं आणि सीलं, पाचपैकी पाच. स्लाइड हॅमर, तीन, आकड्यांसाठी. किट म्हणून चार, एक तारा शाफ्ट तपासायला न सांगणाऱ्या त्या माहितीच्या कागदासाठी कापला. परवा टायरांच्या जागा अदलाबदल करायला चाकं काढली तेव्हा दोन्ही ड्रम उतरवून पाहिले. उजवीकडे कोरडं ठणठणीत. डावीकडे, रिपेअर बेअरिंगच्या खाली, बोट फिरवलं तर बारीक धूळ चिकटली. चिमटीत चोळून बघितली, कोरडीच होती.