सहा दिवसांनी खुर्चीत बसले

मी गणिताची शिक्षिका. वर्गात उभं राहायची सवय, म्हणून पहिले दोन दिवस कोणाला काही कळलं नाही. मग वह्या तपासायला बसले आणि डोळ्यांत पाणीच आलं. योनीमार्गाच्या तोंडाशी डावीकडे सुपारीएवढी गाठ, लालबुंद, चड्डीचा स्पर्शही सहन होईना.

आधी ज्या दवाखान्यात गेले (नाव लिहीत नाही) तिथे मला टेबलावर झोपायलासुद्धा सांगितलं नाही. "उष्णतेचं असेल," म्हणत पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. चौथ्या रात्री ताप भरला, गाठ लिंबाएवढी झाली.

ज्याच्याबद्दल हा अभिप्राय लिहितेय ते हे दुसरं क्लिनिक एका मैत्रिणीने सुचवलं. इथल्या डॉक्टरबाईंनी पडदा ओढला, अंगावर चादर दिली आणि म्हणाल्या, "आता हात लावते, दुखलं तर थांबा म्हणा." एकदा म्हटलं, तर खरंच थांबल्या. मग कागदावर घड्याळ काढून दाखवलं : चार आणि आठच्या जागी वाटाण्याएवढ्या दोन बार्थोलिन ग्रंथी असतात, ओलावा राखणाऱ्या. तोंड बुजलं की आत द्रव साठतो, जंतू शिरले की गळू. माझी चारवाली. एकदा पू साठला की नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते. घड्याळाची भाषा मला पटकन कळली, धंदाच तो.

त्यांनी लैंगिक संबंधांबद्दलही विचारलं, कारण कधीकधी अशा गळूमागे त्यातून आलेला संसर्ग असतो. आवाजात टोमणा नव्हता. पुष्कळदा साधे आतड्यातले जंतूच असतात, हेही सांगितलं. मी ४२ वर्षांची, म्हणून गाठीचा छोटा तुकडा तपासायला पाठवणार म्हणाल्या. चाळिशीनंतर कॅन्सर नाही ना याची खात्री करून घेतात. पोटात गोळा आला, पण हे त्यांनी आधी सांगितलं, नंतर नाही.

सगळ्यात जास्त दुखलं ते भुलेचं इंजेक्शन. चीर देताना फक्त दाब जाणवला, आणि वास. आत वर्ड कॅथेटर घातला : बारीक नळी, टोकाला सलाईनने फुगवलेला इवलासा फुगा. नवी वाट बुजू नये म्हणून तो चार ते सहा आठवडे ठेवतात. टेबलावरून उतरले आणि खुर्चीत टेकले. सहा दिवसांनी!

घरी दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, गाठ पिळायची नाही. पहिलं मी मनापासून केलं, दुसऱ्याचा मोह आवरला.

एक तारा कापतेय तो रिसेप्शनसाठी. भरल्या हॉलमध्ये "काय त्रास आहे?" असं खणखणीत आवाजात विचारतात. मी "बसता येत नाही" एवढंच म्हटलं तर "म्हणजे मूळव्याध का?" समोरच्या काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. चिठ्ठीवर लिहून द्यायची सोय करायला काय हरकत आहे? शिवाय वेळ घेऊनही दीड तास उभी होते.

तुकड्याचा रिपोर्ट चांगला आला. एकोणिसाव्या दिवशी कॅथेटर न्हाणीघरात आपसूक पडला. घाबरून फोन केला तर दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. वाट उघडी आहे, पुन्हा घालायची गरज नाही म्हणाल्या. फुगलंच परत, तर कडा शिवून तोंड कायमचं उघडं ठेवायचं छोटं ऑपरेशन असतं, तेही तेव्हाच समजावलं.