फायबरमधून फ्लुओरेसन्स: चमक मोजायची की ती विझायला लागणारा वेळ?

ऑप्टिकल फायबरच्या टोकाशी फ्लुओरेसन्स, म्हणजे एका रंगाचा प्रकाश पडल्यावर पदार्थाने दुसऱ्या रंगात चमकणं, मोजायचा ठरला की बहुतेक जण आधी प्रोब, म्हणजे द्रवात बुडवायचं फायबरचं टोक, शोधायला लागतात. एकच जाड फायबर घ्यावा की सात फायबरचं बंडल, यावर आठवडा जातो. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. परत येणाऱ्या प्रकाशाचं नेमकं काय मोजणार, हे आधी ठरवा. त्याची तीव्रता, की उजेड बंद केल्यावर ती चमक विझायला घेते तो वेळ, म्हणजे लाइफटाइम? एवढं ठरलं की फायबरची निवड पुष्कळ सोपी होते.

या दोन मार्गांतला फरक टेबलावर बसून बघता येतो. विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा प्रोब घ्या. त्याच्या टोकावर रुथेनियमच्या संयुगाचा पातळ थर असतो. त्यावर 450 ते 470 नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला की तो 610 च्या आसपास नारिंगी-लाल चमकतो, आणि ऑक्सिजनचा रेणू येऊन आदळला की ती चमक विझते. टोक पाण्यात स्थिर ठेवा आणि फायबरचा मधला भाग बोटाभोवती घट्ट गुंडाळा. तीव्रतेचा आकडा लगेच घसरतो. पाण्यातला ऑक्सिजन तर होता तेवढाच आहे! फायबर सोडला की आकडा पुन्हा वर येतो. लाइफटाइम मोजणाऱ्या उपकरणावर हेच करून बघा. आकडा थोडा जास्त थरथरेल, पण जागा सोडणार नाही.

वाटेत प्रकाश कितीही गळाला, तरी जो पोचतो त्याच्या विझण्याचा वेग तोच राहतो. कनेक्टरवर धूळ बसली, एलईडी मंदावला, डाय (हा चमकणारा पदार्थ) उन्हातल्या कापडासारखा फिका पडत गेला, तरी लाइफटाइमला त्याची झळ फार कमी लागते. 1919 सालच्या स्टर्न-फोल्मर समीकरणात दोन्ही मार्ग एकत्र येतात: ऑक्सिजन वाढेल तशी तीव्रताही घटते आणि लाइफटाइमही. तीव्रता खोटं सांगत नाही. वाकलेला फायबर आणि वाढलेला ऑक्सिजन यांतला फरक तिला कळत नाही, एवढंच. म्हणून महिनोन्‌महिने एका जागी राहणारा, कोणी रोज हात न लावणारा प्रोब हवा असेल तर मी लाइफटाइमच घेईन.

त्यासाठी फार महागडी यंत्रणा लागते, हा समज रुथेनियमच्या बाबतीत तरी खरा नाही. एलईडीचा प्रकाश ठरावीक वारंवारतेने कमीजास्त करायचा आणि परत येणारी चमक किती मागे पडते, म्हणजे फेज किती सरकते, ते बघायचं. लाइफटाइम 5 मायक्रोसेकंद असेल तर साधारण 32 किलोहर्ट्‌झला फेज 45 अंश सरकते. प्लॅटिनम पोर्फिरिन या दुसऱ्या डायचा लाइफटाइम 60 मायक्रोसेकंदांच्या घरात जातो, तिथे 2.6 किलोहर्ट्‌झ पुरतात. हे साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या आवाक्यातलं काम आहे. फ्लुओरेसीनसारख्या डायचं गणित मात्र वेगळं. त्याचा लाइफटाइम जेमतेम 4 नॅनोसेकंद, म्हणजे 40 मेगाहर्ट्‌झ लागणार. शिवाय काचेच्या फायबरमधून एक मीटर जायलाच प्रकाशाला 5 नॅनोसेकंद लागतात. दोन मीटरच्या फायबरमधून जाऊन परत यायला 20. मोजायच्या वेळेपेक्षा वाटेतला वेळ पाचपट! अशा डायसाठी लाइफटाइमच्या मागे लागू नका.

एका बाबतीत मात्र लाइफटाइमचा काहीच उपयोग नाही. पाण्यात सोडलेला रंग किती पातळ झाला, शेवाळातलं क्लोरोफिल किती आहे, असा ‘किती’चा प्रश्न असेल तर विरळ द्रावणात डाय दहापट झाला तरी लाइफटाइम तोच दिसतो. इथे तीव्रताच मोजावी लागते. मग फायबर पक्का बांधा, आणि एलईडीचा थोडा प्रकाश वेगळ्या फोटोडायोडवर घेऊन प्रत्येक वाचनाला त्याने भागा.

आता फायबर. मध्ये एक आणि भोवती सहा अशा बंडलात जाणारा आणि येणारा प्रकाश वेगळ्या वाटांनी जातो. जाणाऱ्या फायबरमध्ये काचेच्या रामन विकिरणाने (थोडा प्रकाश रंग बदलून विखुरतो त्याने) तयार होणारा नको असलेला प्रकाश थेट डिटेक्टरकडे वळत नाही, हा मोठा फायदा. द्रवात मोजायचं तर मी बंडल निवडेन. पण टोकावर पातळ थर लावायचा असेल तर हेच बंडल दगा देतं. 200 मायक्रॉनचे कोअर (प्रकाश वाहणारे मधले गाभे) आणि शेजारच्या कोअरच्या कडांमध्ये 40 मायक्रॉनची फट धरा. न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे फायबर किती रुंद कोनात प्रकाश देतो-घेतो त्याचं माप, 0.22 असेल तर पाण्यात उजेड पाडणारा आणि चमक घेणारा हे दोन्ही शंकू एकमेकांना भेटेपर्यंत टोकापासून सुमारे 120 मायक्रॉन अंतर जातं. तुमचा थर 10 मायक्रॉनचा असेल तर मधला फायबर जिथे उजेड पाडतो, तिथे भोवतालच्या सहांना काही दिसतच नाही. थरासाठी एकच फायबर घ्या. त्यात दोन्ही शंकू टोकापासूनच जुळलेले असतात.

एकट्या फायबरची किंमत डायक्रोइक आरसा (एक रंग परतवणारा, दुसरा आरपार सोडणारा) आणि चांगल्या फिल्टरच्या रूपाने मोजावी लागते. टोक हवेत असेल तर निळा प्रकाश 4 टक्के परत फिरतो, पाण्यात 0.2 टक्के. हे थोडं वाटेल, पण 0.22 चा फायबर पाण्यात चौफेर पसरणाऱ्या चमकेपैकी जेमतेम 0.7 टक्के गोळा करतो. 0.5 अपर्चरचा प्लॅस्टिक फायबर त्याच्या पाचपट घेतो, कोअरही एक मिलिमीटरचा. मात्र तो अतिनील प्रकाश अडवतो, 70-80 अंश सेल्सिअसपलीकडे टिकत नाही आणि निळ्या उजेडात स्वतःच मंद चमकतो. ही चमक काही नॅनोसेकंदांत संपते. त्यामुळे प्रकाशाचा ठोका देऊन मायक्रोसेकंदभर थांबून मोजलं तर ती आड येत नाही. फेज पद्धतीत मात्र ती फेजला खाली ओढते, म्हणून तिथे फिल्टरवर काटकसर नको.

क्लॅडिंग, म्हणजे कोअरभोवतीचं आवरण, काढलेले किंवा निमुळते केलेले फायबर फक्त पृष्ठभागापासून काहीशे नॅनोमीटरच्या आतलं बघतात. अँटिबॉडी बसवून काय चिकटतं ते पाहायचं असेल तरच त्या वाटेला जा; घाण बसली की तीही तितक्याच जवळून दिसते.

आणि ऑक्सिजन मोजणार असाल तर टोकाशेजारी तापमापक लावाच. तापमान बदललं की लाइफटाइमही बदलतो आणि तीव्रताही.

प्रोब विकत घेण्याआधी एक चाचणी मागून घ्या. डाय नसलेलं टोक अंधारात स्वच्छ पाण्यात बुडवायचं, निळा प्रकाश चालू करायचा आणि लाल बाजूचा आकडा वाचायचा. तो सगळा प्रकाश फायबरचा आणि फिल्टरचा. तुमच्या अपेक्षित सिग्नलच्या दहाव्या हिश्शाहून तो मोठा निघाला तर आधी फिल्टर बदला, फायबर नंतर.