दगड की पायपीट? नाशिककराचं मत

परवा सीबीएसला, म्हणजे आमच्या नाशिकच्या एसटी स्टँडवर, चहा पिताना मित्र म्हणाला, आंदोलनात काच फुटल्याशिवाय सरकारला जाग येत नाही रे. खरं सांगू, दगडाचा एक फायदा आहेच, बातमी लगेच होते. पण बातमी कशाची, तर फुटलेल्या एसटीची, मागणी काय होती ते कोणाला आठवत नाही, पोरांवर केसेस पडतात मग पासपोर्टपासून नोकरीपर्यंत सगळीकडे बोंब, आणि गाडी न आल्यामुळे स्टँडवर ताटकळते ती गावाकडची म्हातारीच.

आता दुसरी बाजू बघा. मार्च २०१८ ला इथूनच शेतकरी, आदिवासी मुंबईला चालत निघाले, साधारण १८० किलोमीटर, पायाला फोड आलेले, आणि शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांना पेपरला त्रास नको म्हणून न झोपता चालत आझाद मैदान गाठलं. मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर!! दगड मारले असते तर याच लोकांनी दारं लावली असती की नाही? १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. पुरतं पाळलं नाही म्हणून २०१९ ला परत निघावं लागलं, तेही खरंय.

शांततेचा मार्ग स्लो आहे, मान्य. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून इथल्याच काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० ला सुरू झाला, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड पुढे, रामनवमीला दगड सत्याग्रहींनीच खाल्ले, वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. पण आज तिथे गेलं की आठवण कोणाची निघते, दगड मारणाऱ्यांची?

मित्राला हेच विचारलं, तर म्हणे चहाचे पैसे तू दे.