काळे प्लास्टिक बुश: टेबल फॅनला घाला, एक्झॉस्टला नको

बुश म्हणजे मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी, एरवी ब्राँझची. फोंड्याच्या बाजारात हल्ली फॅनच्या मोटरचे प्लास्टिक बुशही मिळतात. पांढरट असतात ते काचतंतू घातलेल्या नायलॉनचे, काळे ते ग्रॅफाइट आणि टेफ्लॉन मिसळलेल्या नायलॉनचे. दुकानदार मजबूत म्हणून पांढरे पुढे करतो. मजबूत आहेतच, पण झिजायला लागले की काचेची टोकं उघडी पडतात आणि शाफ्ट खरवडतात. असा शाफ्ट काढून नख फिरवा, बारीक रेघा लागतील. कडक केलेला शाफ्ट असता तर गोष्ट वेगळी, स्वस्त फॅनला तो कुठला!

काळा बुश मात्र मला पटला. थोडं चालल्यावर त्यातलं टेफ्लॉन शाफ्टवर पातळ, करडा थर धरतं आणि मग घासणं कमी होतं. सफाईच्या नादात तो थर पॉलिश पेपरने काढू नका. तेलाचीही गरज नाही, उलट तेलात धूळ मिसळून लेप तयार होतो. समुद्राकाठच्या घरातले फॅन दुरुस्तीला येतात त्यांत फेल्ट, म्हणजे बुशला तेल पुरवणारी लोकरी गादी, वाळून शाफ्ट गंजलेला असतो आणि दोष कॅपॅसिटरवर जातो. तिथे हा बुश कामाचा, शाफ्ट तेवढा आधी घासूनपुसून गुळगुळीत हवा.

बसवताना बुशचं भोक शाफ्टला थोडं सैल ठेवा. नायलॉन हवेतलं पाणी पितं आणि फुगतं. बुश बाहेरून घट्ट ठोकलेला, म्हणजे फुगायला जागा आतच. मे महिन्यात काटेकोर रिमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) मारलेला बुश जुलैत शाफ्ट धरून बसतो. तापल्यावरही नायलॉन ब्राँझच्या चौपट-पाचपट पसरतं. पॉलिअॅसिटल या दुसऱ्या प्लास्टिकचा बुश मिळाला तर आपल्या पावसाला तो बरा, तो पाणी फार कमी घेतो. पण पाकिटावर कशाचा आहे हे लिहायची तसदी कुणी घेत नाही.

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टला हा बुश मी घालत नाही. मासे तळायला घेतले की तो तास-तासभर फिरतो, वर गरम वाफ. प्लास्टिकमधून उष्णता बाहेर जात नाही, बुश मऊ पडतो, भोक लांबट होतं आणि पंखा घरघरतो. चवथीच्या तोंडावर गिऱ्हाईक कितीही घाई करो, एक्झॉस्टला ब्राँझचाच बुश, फेल्टला पोटभर तेल पाजून.